टाइप केलेला शब्द, स्विच आणि तपासनीस: जावाच्या पहिल्या प्रोजेक्टची हकीकत

जूनमध्ये मी जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या एका ऑनलाइन प्राथमिक कोर्सला नाव नोंदवलं. शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तरच पैसे. मला प्रमाणपत्र नको होतं, पण त्यातला शेवटचा प्रोजेक्ट पुरा करायचा होता, कारण तोपर्यंतचे सगळे धडे 'हे बघा, ते बघा' असेच होते आणि स्वतः काही उभं केलेलं नव्हतं. प्रोजेक्ट असा: कामांची यादी सांभाळणारा प्रोग्राम. वापरणारा कीबोर्डवरून एक शब्द टाइप करणार, ॲड, लिस्ट, डन, डिलीट किंवा क्विट. आणि प्रोग्रामने स्विच (आलेली किंमत ज्या 'केस'शी जुळेल तिथलं काम करणारी रचना) वापरून त्याप्रमाणे वागायचं. वाचताना वाटतं तासाभराचं काम आहे. ते संपलं सप्टेंबरात. ज्यांच्यापुढे अशीच काही असाइनमेंट आहे त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून, जसं घडलं तसं लिहिते. (कोडमधले शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत, प्रत्यक्षात ते इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे.)

सुरुवात आकड्यांच्या मेनूपासून होती. एक दाबलं की नवीन काम, दोन दाबलं की यादी. धड्यातलं उदाहरणही तसंच होतं: कीबोर्डवर टाइप केलेलं वाचणाऱ्या स्कॅनरच्या नेक्स्टइंटने आकडा वाचायचा आणि स्विचला द्यायचा. ते चाललं. मग गंमत म्हणून आकड्याच्या जागी 'लिस्ट' असं टाइप केलं, तर प्रोग्राम 'इनपुट मिसमॅच' असं ओरडून बंद पडला. पुढच्या धड्यात ट्राय-कॅच (ट्रायमध्ये एरर आली तर ती कॅचमध्ये पकडायची) होतं, म्हणून तो भाग ट्रायमध्ये घातला, कॅचमध्ये 'कृपया आकडा टाका' असं छापलं, आणि हे सगळं व्हाइल लूपमध्ये, म्हणजे अट खरी असेतोवर फेऱ्या मारत राहणाऱ्या भागात, ठेवलं. पुन्हा 'लिस्ट' टाइप करून एंटर दाबलं, तर स्क्रीनवर 'कृपया आकडा टाका' ही ओळ धबधब्यासारखी कोसळायला लागली. मी काही टाइप करत नव्हते, तरी ती थांबेना. शेवटी कंट्रोल-सी दाबून थांबवलं.

कारण समजायला एक अख्खी संध्याकाळ गेली, पण ते समजल्यावर पुढचं निम्मं सोपं झालं. नेक्स्टइंटला आकडा सापडला नाही तर तो तो शब्द उचलत नाही, जिथल्या तिथे ठेवून देतो. लूपची पुढची फेरी येते, समोर तोच शब्द, पुन्हा तीच एरर. त्याचाच भाऊबंद असलेला दुसरा त्रास म्हणजे आकडा नीट मिळाला तरी नेक्स्टइंट फक्त आकडा उचलतो, त्यामागचा एंटर तसाच राहतो. त्यानंतर कामाचं नाव वाचायला, आख्खी ओळ उचलणारं नेक्स्टलाइन लिहिलं की त्याच्या हाती ती उरलेली रिकामी ओळ लागते, आणि यादीत बिननावाचं काम जाऊन बसतं. नवशिक्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाला हा प्रसाद मिळतोच, असं नंतर कळलं.

यावरचा तोडगा मी पुढे कधीच सोडला नाही: कीबोर्डवरून नेहमी आख्खी ओळ वाचायची, मजकूर म्हणून. आकडा हवा असेल तर नंतर त्या मजकुरातून इंटिजर.पार्सइंटने काढायचा, तो न जमल्यास 'नंबर फॉरमॅट'ची एरर येते, ती पकडायची. नेक्स्टइंट आणि नेक्स्टलाइन एका प्रोग्राममध्ये मिसळायचेच नाहीत.

आता शब्दांकडे. जावात स्विचला स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, देता येते ती जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून. त्याआधी चालत नव्हतं, त्यामुळे जुन्या पुस्तकांत 'स्विच फक्त पूर्णांकांसाठी' असं वाचायला मिळालं तर गोंधळू नका. माझा मावसभाऊ त्याच दिवसांत कॉलेजात सी ही भाषा शिकत होता. त्याला मी माझा स्विच दाखवला तर म्हणाला, "ताई, तुझं बरं आहे. आमच्याकडे असं लिहिलं तर कंपाइलर सांगतो, स्विचमधली किंमत पूर्णांक नाही." (कंपाइलर म्हणजे आपला कोड तपासून मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्राम.) मी म्हटलं, "मग तू काय करतोस?" तर तो एसटीआरसीएमपी नावाचं, दोन शब्द ताडणारं फंक्शन वापरून इफ-एल्सची शिडी रचत होता. सीमध्ये दुसरा उपाय नाही असं नाही. एकच अक्षर वाचून त्यावर स्विच लावता येतो, कारण सीच्या लेखी अक्षर म्हणजे एक आकडाच असतो. कॅपिटल ए म्हणजे ६५, स्मॉल ए म्हणजे ९७. पण एकेरी अवतरणात पूर्ण शब्द लिहायच्या फंदात पडू नये. कंपाइलर ते नुसती वॉर्निंग देऊन स्वीकारतो, आणि केस मात्र अपेक्षेप्रमाणे जुळत नाही.

त्याच्यामुळे मला प्रश्न पडला, की मग जावा हे जमवतं कसं. जावाचा कंपाइलर आधी शब्दाचा हॅशकोड नावाचा एक पूर्णांक काढतो, त्यावर खरा स्विच चालवतो आणि मग इक्वल्सने अक्षरं खरोखर सारखी आहेत का ते पडताळतो. पडताळणी लागते, कारण दोन वेगळ्या शब्दांचा हॅशकोड एकच येऊ शकतो. कॅपिटल ए-स्मॉल ए या जोडीचा हॅशकोड २११२ आणि कॅपिटल बी-कॅपिटल बी या जोडीचाही २११२. कागदावर करून बघा: पहिल्या अक्षराच्या आकड्याला ३१ ने गुणायचं आणि दुसऱ्याचा आकडा मिळवायचा.

हे वाचण्यात वेळ गेला, पण एक कोडं त्यातूनच सुटलं. आधीच्या आवृत्तीत मी इफ लावून, दोन बरोबरच्या चिन्हांनी टाइप केलेला शब्द 'क्विट'शी ताडत होते आणि ते जुळत नव्हतं. तोच शब्द स्विचमध्ये जुळत होता. जावात दोन बरोबर चिन्हं 'हीच ती वस्तू आहे का' एवढंच विचारतात. कोडमध्ये लिहिलेला 'क्विट' आणि कीबोर्डवरून आलेला 'क्विट' या मेमरीतल्या दोन वेगळ्या वस्तू. स्विच मात्र आतून इक्वल्स वापरतो. नवशिक्याला स्विच आवडायला एवढं कारण पुरे आहे.

जुलैत पहिली आवृत्ती तयार झाली आणि तपासणीला पाठवली. इथली कार्यपद्धती सविस्तर सांगते, कारण धड्यांत ती कोणी सांगत नाही. तपासणी माणूस करत नाही, प्रोग्राम करतो. फाइलचं नाव त्यांनी ठरवून दिलेलं, पब्लिक क्लासचं नाव तंतोतंत तेच. वरती पॅकेजची ओळ असेल तर नाकारतात. बहुतेक एडिटर ती स्वतःहून घालतात, ती आठवणीने काढावी लागते. दिवसभरात ठरावीक वेळाच सबमिट करता येतं. आणि सबमिट केल्यावर निकाल लगेच येत नाही, रांगेत थांबावं लागतं. शेवटच्या तारखेच्या आसपास ती रांग भलतीच लांबते, तेव्हा चार दिवस आधी पहिली खेप टाकलेली बरी. निकालात लिहिलेलं असतं, 'लपवलेल्या चाचणीत आउटपुट चुकलं'. कोणत्या चाचणीत, काय चुकलं, काही नाही. याला शिकवणं म्हणत नाहीत, पण नियम तो नियम.

पहिल्या खेपेला तर कंपाइलच झालं नाही. माझ्या कॉम्प्युटरवर नवं जावा होतं आणि मी केसच्या पुढे कोलनऐवजी बाण काढून लिहिलं होतं, त्या पद्धतीत ब्रेक लागत नाही. ही बाणाची पद्धत कायमची आली ती जावा १४ मध्ये, २०२० साली. तपासनीस जावा ११ वर चालत होता. ही माहिती कोर्सच्या 'नेहमीचे प्रश्न' या पानावर अगदी तळाशी होती. आपल्या परीक्षकाकडे कोणती आवृत्ती आहे हे पहिल्या दिवशीच शोधून ठेवा.

कोलन-ब्रेकच्या जुन्या पद्धतीवर आल्यावर दोन गोष्टी अंगावर आल्या. डन लिहिलं की काम पूर्ण झाल्याची खूण व्हायची आणि लगेच ते यादीतून पुसलंही जायचं. डनच्या केसखाली ब्रेक नव्हता, म्हणून स्विच सरळ खालच्या डिलीटमध्ये घुसत होता. केस म्हणजे फक्त आत शिरायचा दरवाजा. बाहेर पडायचं असेल तर ब्रेक लागतो. हाच स्वभाव कामालाही येतो म्हणा: 'क्विट', 'एक्झिट' आणि नुसतं 'क्यू' या तिन्ही केस एकाखाली एक लिहिल्या आणि तिसरीखाली काम लिहिलं की तिन्ही शब्दांना एकच उत्तर मिळतं.

दुसरी गोष्ट जास्त छळणारी. क्विट टाइप केलं की 'पुन्हा भेटू' असं छापून येत होतं आणि त्याच्याखाली लगेच पुढच्या आज्ञेची खूण. प्रोग्राम निरोप घ्यायचा आणि जायचा नाही. क्विटच्या केसमधला ब्रेक स्विचमधून बाहेर काढतो, भोवतालच्या व्हाइलमधून नाही. मी 'चालू' नावाचं एक खरं-खोटं व्हेरिएबल केलं, व्हाइलला त्यावर टांगलं आणि क्विटमध्ये ते खोटं केलं. लूपला नाव देऊन ब्रेकपुढे ते नाव लिहायचीही सोय आहे, पण मला व्हेरिएबलच वाचायला सोपं वाटतं. ब्रेक नेमका कशातून बाहेर पडतो, हा प्रश्न फक्त नवशिक्यांचा नाही. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टीचं लांब पल्ल्याच्या फोनचं जाळं सुमारे नऊ तास कोलमडलं होतं. त्याचं मूळ सीमधल्या एका स्विचच्या आत, इफच्या पोटात लिहिलेल्या ब्रेकमध्ये सापडलं.

छोटी सूचना, पुढे जाण्याआधी. ॲडच्या केसमध्ये 'नंबर' नावाचं व्हेरिएबल केलंत आणि डिलीटच्या केसमध्येही त्याच नावाचं केलंत तर कंपाइलर म्हणेल, हे आधीच आहे. सगळ्या केस एकाच महिरपी कंसात राहतात. प्रत्येक केसला आपले वेगळे महिरपी कंस द्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक केसमध्ये एका मेथडला (नाव देऊन वेगळ्या काढलेल्या कोडच्या तुकड्याला) हाक मारा, एवढंच. माझा स्विच तसा केल्यावर एका नजरेत मावायला लागला. आणि केसपुढे व्हेरिएबल चालत नाही. तिथे स्थिर शब्द हवा, किंवा फायनल म्हणून बांधून टाकलेला.

आता कंपाइल होत होतं, पण लपवलेल्या चाचण्या नापासच. माझ्याकडे सगळं चालायचं, त्यांच्याकडे नाही. या टप्प्यावर बरेच जण कोर्स सोडतात, आणि ते मला समजू शकतं. समोर फक्त लाल फुली, आणि कारण विचारायला कोणी नाही.

मी एक साधी गोष्ट केली. स्विचच्या बरोबर आधी एक ओळ घातली: आलेला शब्द चौकोनी कंसात छाप आणि त्याची लांबी छाप. मग तपासणारा टाइप करू शकेल असं काय काय असेल त्याचा विचार करून एकेक टाकत गेले. शब्दामागे स्पेस देऊन 'लिस्ट' दिलं, तर कंसाच्या आत शेवटी मोकळी जागा दिसली आणि लांबी चारऐवजी पाच. डोळ्याला दोन्ही शब्द सारखे, स्विचला परके. कॅपिटलमध्ये दिलं, तेही परकं. म्हणून ओळ वाचल्याबरोबर कडेच्या मोकळ्या जागा काढणारं ट्रिम लावलं आणि अक्षरं लहान करणारं टूलोअरकेस लावलं. टूलोअरकेसला लोकेल.रूट, म्हणजे कुठल्याच एका भाषेचे नियम लावू नको असं, सांगावं, अशी सूचना एका सहाध्यायीने दिली. कॉम्प्युटर तुर्की भाषेवर लावलेला असेल तर कॅपिटल आयचं स्मॉल रूप बिनठिपक्याचं होतं, आणि कॅपिटलमधला 'लिस्ट' कधीच जुळत नाही. माझा परीक्षक तुर्की नसावा, पण लिहायला काय जातं.

एक प्रकार तर ट्रिमलाही दाद देईना. वेबपेजवरून कॉपी करून चिकटवलेल्या शब्दामागे 'न तुटणारी स्पेस' आलेली होती. तिचा आकडा १६०, साध्या स्पेसचा ३२. ट्रिम ३२ पर्यंतचीच अक्षरं काढतो, आणि जावा ११ मधला नवा स्ट्रिपसुद्धा या स्पेसला हात लावत नाही. ती रिप्लेसने वेगळी काढावी लागते. शब्दातल्या प्रत्येक अक्षराचा आकडा छापून बघितल्याशिवाय हे दिसलंच नसतं.

एवढं केल्यावर बऱ्याच चाचण्या पास झाल्या आणि माझी स्विचबद्दलची तक्रार संपली. तो पहिल्यापासून बरोबरच चालत होता. त्याच्यापर्यंत काय पोहोचतंय हेच कोणी बघत नव्हतं. तेव्हापासून माझा क्रम ठरला: ओळ वाच, साफ कर, तुकडे कर, आणि मग स्विच. साफसफाईचं एकही काम केसच्या आत नाही.

तुकडे करायचं काम 'डन ३' साठी लागलं. आख्खी ओळ स्विचला दिली तर ती कुठल्याच केसशी जुळत नाही. म्हणून स्प्लिटने ओळ फोडायची, पण जास्तीत जास्त दोन भागांत. ही मर्यादा महत्त्वाची आहे. ती नसेल तर 'ॲड वीजबिल भरणे' याचे तीन तुकडे होतात आणि कामाच्या नावाला मुकावं लागतं. पहिला तुकडा स्विचकडे, दुसरा जसाच्या तसा मेथडकडे. लहान अक्षरं फक्त पहिल्या तुकड्याची करायची, नाहीतर कामाचं नावही बदलून बसतं. आणि दुसरा तुकडा आहे का हे आधी बघायचं, कारण नुसतं 'डन' टाइप करणारेही असतात.

उरलेली चाचणी डिफॉल्टची, म्हणजे कुठलीच केस जुळली नाही तर चालणाऱ्या भागाची, निघाली. मी डिफॉल्टमध्ये आपल्या मनाचं वाक्य छापलं होतं. प्रश्नपत्रिकेत दिलेलं वाक्य वेगळं होतं, शेवटी पूर्णविराम असलेलं. तपासनीस अक्षर न् अक्षर ताडतो. ओळीच्या शेवटी जास्तीची स्पेसही चालत नाही. माझा सल्ला: प्रश्नातल्या नमुना आज्ञा एका फाइलमध्ये ठेवा, अपेक्षित आउटपुट दुसऱ्या फाइलमध्ये, आणि प्रोग्राम पहिल्या फाइलवर चालवून आलेलं आउटपुट फाइली ताडणाऱ्या एखाद्या साधनाने दुसरीशी ताडून बघा. सबमिटच्या मर्यादित संधी त्यामुळे वाचतात.

फाइलवरून चालवल्यामुळेच आणखी एक गोष्ट उजेडात आली. क्विट न लिहिताच फाइल संपली तर नेक्स्टलाइन 'ओळच नाही' अशी एरर देतो. कीबोर्डवर हे कधी होत नाही, कारण आपण आहोत तोवर पुढची ओळ येणारच. तपासनीस मात्र फाइलच देत असतो. व्हाइलच्या अटीत, पुढे ओळ आहे का ते विचारणारं हॅजनेक्स्टलाइन जोडलं आणि ऑगस्टच्या शेवटी सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या. निकाल आला तेव्हा रात्र झाली होती. मी पान दोनदा रिफ्रेश करून पाहिलं.

दुसऱ्या भाषेत हाच प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी, सोबतच्यांकडून कळलेलं थोडं. सी-शार्पमध्ये स्विचला स्ट्रिंग चालते आणि ब्रेक विसरलात तर कंपाइलरच अडवतो. हे मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. जावास्क्रिप्टमध्ये प्रॉम्प्टमधून आकडा टाइप केला तरी तो मजकूर म्हणूनच येतो, आणि स्विच तीन बरोबरच्या चिन्हांची कडक तुलना करतो, म्हणून 'केस एक' कधीच लागत नाही; केसमध्ये तो आकडा अवतरणात लिहायचा. पायथनमध्ये स्विच नाहीच. २०२१ मध्ये ३.१० आवृत्तीत मॅच-केस आलं. त्यात केसपुढे अवतरणाशिवाय नुसतं नाव लिहिलंत तर ते तुलना करत नाही, जे येईल ते त्या नावात भरून टाकतं.

सप्टेंबरात प्रोजेक्टचा ऐच्छिक भाग होता: प्रोग्रामला आपल्या भाषेत आज्ञा घ्यायला शिकवा. मी यादी, जोड, झालं, काढ, बाहेर अशा केस इंग्रजी केसच्या शेजारी रचल्या, 'झालं' आणि 'झाले' दोन्ही. टूलोअरकेसचा देवनागरीला काही उपद्रव नाही, कारण आपल्याकडे लहान-मोठी अक्षरं नाहीत. कन्सोलवर सुरुवातीला अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. एडिटरच्या आतल्या खिडकीत यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्यांना चालणारी अक्षरांची संकेतपद्धत) लावून चालवल्यावर नीट दिसलं. आकड्यांचा प्रश्न येईल असं वाटलं होतं, पण पार्सइंटला देवनागरी आकडे आधीपासून कळतात. 'झालं ३' पहिल्या फटक्यात चाललं.

अडलं ते 'अपुऱ्या' या आज्ञेवर, अपुऱ्या नोंदी दाखवणाऱ्या. माझ्या फोनवरून पाठवलेला शब्द जुळायचा नाही, लॅपटॉपवर टाइप केलेला जुळायचा. पुन्हा तीच चौकोनी कंसाची ओळ काढली: एकाची लांबी सात, दुसऱ्याची आठ. दिसायला दोन्ही शब्द सारखेच. एकात स्वतंत्र ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. र आणि नुक्ता मिळून लिहिलेला ऱ असता तर एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणाऱ्या जावाच्या नॉर्मलायझरने तो एकत्र करून दिला असता, पण जॉइनरवाल्या रूपाला तो हात लावत नाही. म्हणून साफसफाईच्या भागात आणखी एक रिप्लेस घातला: र, हलन्त, जॉइनर हे तिघं एकत्र दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. स्विचमध्ये 'अपुऱ्या' ही केस एकदाच लिहिलेली आहे.